अर्धा वडापाव

गेल्या दिवाळीनंतर सुरू केलं, आता परत दिवाळी तोंडावर आलीये. 11 महिने झाले. वजन 78.6 वरून 72.2. म्हणजे 6 किलो 400 ग्रॅम. आता हे ऐकून कोणी टाळ्या वाजवत नाही, कारण ज्याला त्याला तीन महिन्यांत 15 किलो उतरवलेला कोणीतरी चुलतभाऊ असतोच. आमच्या ट्रेनमधल्या एकीने तर परवा माझ्याकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "आजारी होतीस का गं? चेहरा उतरलाय." पोट जागच्या जागी आणि चेहरा उतरलाय, काय बोलणार.

खरं तर मला बारीक व्हायची अशी काही हौस नव्हती. रिपोर्टमध्ये एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी, 6.1 आला, आमच्याकडे आईला, मावशीला, दोन्ही मामांना शुगर, त्यामुळे डॉक्टरांनी काही बोलायच्या आधीच मला कळलं होतं. त्यांनी फक्त टेप काढून कंबर मोजली, 98 सेंटीमीटर, आणि म्हणाले, आपल्याकडच्या बायकांची 80 च्या आत हवी. मी म्हटलं बरं.

पहिल्या आठवड्यात भात बंद, साखर बंद, बटाटा बंद, आणि 1.7 किलो गेलं. मी हवेत. नवऱ्याला म्हटलं या हिशोबाने होळीपर्यंत मी कॉलेजातली जीन्स घालते बघ. मग कळलं की ते चरबी नव्हतंच, पाणी होतं. शरीर कार्बोहायड्रेटचा थोडा साठा लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ठेवतं, आणि त्या साठ्याच्या एका ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात बंद केला की साठा संपतो, पाणी निघून जातं, काटा खाली येतो. एक दिवस पुलाव खाल्ला की येरे माझ्या मागल्या.

पुढचं सगळं तोळ्यामाशाने. फेब्रुवारीत 74.8 वर आले आणि तिथेच बसले. सात आठवडे! रोज सकाळी चहाच्या आधी काट्यावर चढायचं, 74.8, 75.1, 74.6, परत 74.8. लहानपणी स्टेशनवर ते लाल-पिवळ्या दिव्यांचं वजनाचं मशीन असायचं ना, नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट यायचं, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य, ते बरं होतं, वजन वाईट आलं तरी भविष्य चांगलं असायचं. हा घरचा डिजिटल काटा नुसताच आकडा फेकतो तोंडावर.

त्या सात आठवड्यांत मी दोनदा सगळं सोडलं आणि परत धरलं. एका रविवारी दुपारी मग वही घेऊन बसले, कारण मी अकाउंट्सवाली, मला रडण्यापेक्षा ताळा जमवणं सोपं जातं. आणि तेव्हा कळलं की मी ज्याला डाएट म्हणत होते त्यात कायकाय चाललं होतं. संध्याकाळी ट्रेनमध्ये भूक लागते म्हणून "डाएट चिवडा", नाव डाएट पण त्यातले दाणे तळलेलेच. चार वाजता ऑफिसात मूठभर शेंगदाणे, हेल्दी म्हणून, मूठ कोणाची ते विचारू नका. आणि दर चतुर्थीला उपास. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यात दाण्याचं कूट, तूप, बटाटा, वर वाटीभर दही, आणि संध्याकाळी चंद्र दिसायच्या आधीच रताळ्याचा कीस. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते आमच्या घरी चतुर्थीलाही लागू आहे.

पण खरा चोर निघाला तेल. आम्ही घरात तिघं (लेकीचा क्लास-कॉलेज धरून ती अर्धीच घरी) आणि महिन्याला तेल 3 लिटर. भागून बघा, माणशी रोज 33 मिली, वजनात 30 ग्रॅम, ग्रॅमला 9 कॅलरी, झाल्या 270. हे दिसत नाही कुठे! भाजी तर भोपळ्याचीच असते ना. मग मी तीन पिशव्यांतली एक पिशवी कमी आणायला लागले, महिन्याला 2 लिटर, आणि फोडणीला मोजून चमचे. सासूबाई आल्या होत्या तेव्हा आठ दिवस बघत होत्या, शेवटी म्हणाल्याच, "तेल काय चमच्याने घालतेस, औषध आहे का ते?" मी म्हटलं, "हो आई, उलटं औषध आहे." त्यांना काही ते पटलं नाही आणि त्या आठ दिवसांत त्यांच्या हातची वांग्याची भाजी मात्र काय झाली होती म्हणून सांगू, तवंग आलेली.

व्यायामाचं म्हणाल तर जिम मी एका महिन्यात सोडली, पैसे गेले ते गेले. बोरिवलीला पोचायलाच साडेसात, मग कसली जिम. त्याऐवजी आता आठवड्यातून चार दिवस ऑफिस सुटलं की चर्चगेटला गाडीत न बसता मरीन ड्राइव्हने चालत चर्नीरोडपर्यंत जाते, दोन-सव्वादोन किलोमीटर, आणि तिथून गाडी पकडते. मुंबईकर असाल तर यातला त्याग कळेल. चर्चगेटला गाडी रिकामी मिळते, खिडकी मिळते. लोक उलटे चर्चगेटला जातात सीटसाठी आणि मी सीट सोडून चालत जाते, बोरिवलीपर्यंत उभी. ग्रुपमधल्या बायकांनी आधी वेड्यात काढलं, आता अंधेरीनंतर कोणीतरी तिघींच्या बाकावर सरकून चौथी सीट देतं. सुरुवातीला वाटायचं एवढं चालतोय म्हणजे भरपूर जळत असणार, पण माझ्या वजनाच्या बाईच्या अर्ध्या तासाच्या चालण्यात जेमतेम शंभर कॅलरी जास्तीच्या जातात. एक ग्लास उसाचा रस प्यायला की हिशोब बरोबर. पावसाळ्यात तेही बंद, मग बिल्डिंगचे सात मजले, दोनदा. गुडघे बोलायला लागले तेव्हा एकदा.

तर वहीतला ताळा असा. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी. माझे 6400 ग्रॅम भागिले 335 दिवस, म्हणजे दिवसाला 19 ग्रॅम. 19 ग्रॅमच्या होतात साधारण 146 कॅलरी. आणि स्टेशनबाहेरचा एक वडापाव धरा 300 चा. म्हणजे मी अकरा महिने जे काही केलं, तो अख्खा खटाटोप, ती उभ्याने केलेली बोरिवली, ते चमचे, सगळं मिळून रोजचा अर्धा वडापाव! तेलातून वाचले रोज 90, चालण्याचे चार दिवसांचे सातात वाटले तर 57, बेरीज 147. एका कॅलरीचा फरक. इतकं जुळलं म्हणजे कुठेतरी चुकलंच असणार, कारण यात चहातली साखर धरलेली नाही, पहिल्या आठवड्याचं पाणी वजा केलेलं नाही, आणि गणपती तर धरलेलेच नाहीत.

गणपतीत माहेरी पाच दिवस होते. परत आले तर काटा 1.8 किलो वर. आधीची मी असते तर त्याच दिवशी सगळं सोडून दिलं असतं. आता वही काढली. 1.8 किलो चरबी चढायला तेरा-चौदा हजार कॅलरी जास्तीच्या लागतात, म्हणजे पाच दिवस नेहमीचं जेवून वर रोज नऊ वडापाव. मोदक मी खाल्ले, मी नाही म्हणत नाही, पण नऊ वडापाव नाही. मग ते काय होतं, तर मीठ, भात, पाणी, आणि माझी तारीखही जवळ होती. दहा दिवसांत दीड किलो आपोआप उतरलं. उरलेले तीनशे ग्रॅम मोदकांचे, ते मान्य आहेत.

तेव्हापासून रोज वजन करते पण बघते आठवड्याची सरासरी, आणि महिन्यातून एकदा टेप. कंबर आता 91. 80 ला अजून अकरा आहेत. एचबीए1सी 5.8. आणि एक गोष्ट जी वहीत येत नाही ती अशी की गेल्या महिन्यात लग्नाला जाताना जुना काठपदराचा ब्लाउज काढला, जो तीन वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंनी उसवून सैल केला होता, तो खांद्यावरून ओघळत होता. टेलरकडे गेले, तो म्हणाला, "ताई, शिलाई परत आत घेऊ?" त्याने चाळीस रुपये घेतले, मी शंभर दिले असते.

आता वेग अजून मंदावणार हे मला दिसतंय. वजन कमी झालं की शरीराला लागतंही कमी, 78 किलोच्या बाईला जे जेवण कमी पडत होतं तेच 72 च्या बाईला पुरायला लागतं. म्हणून निदान स्नायू टिकावेत यासाठी सकाळी दोन अंडी नाहीतर मुगाचं धिरडं सुरू केलंय, आणि पाण्याचा पाच लिटरचा कॅन धरून बैठका, पंधरा. लेक व्हिडिओ काढायची धमकी देते.

काल ऑफिसातून सुटले, पाऊस येऊ का नको करत होता, चालले चर्नीरोडपर्यंत, बोरिवलीला उतरले तर बाहेर गाडीवर वडे नुकतेच काढलेले. म्हटलं ठीक आहे, आपला हिशोबच अर्ध्याचा आहे. गाडीवाल्याला म्हटलं, "भाऊ, अर्धा मिळेल का?" तो हसला, म्हणाला, "ताई, अर्ध्याचा कोणी धंदा करतं का." म्हणून एक पूर्ण बांधून घेतला, लेकीला फोन केला, अर्धा खाणार का विचारलं.

तिला दोन हवे होते.