तुम्ही विचारलंत म्हणून: रीफ टँकसाठी एसी कशाला फोडलात?

माझा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या जिवंत कोरलची (प्रवाळांची) काचेची टाकी, बघायला येणारा जवळजवळ प्रत्येकजण हेच विचारतो, की जुन्या फ्रिजमध्ये पाइपचं वेटोळं टाकलं असतं तरी चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) झाला असता ना, एसी कशाला फोडलात? तर आधी मी फ्रिजच करून बघितला होता.

राहतो ठाण्यात, टँक 200 लिटरचा, मे महिन्यात दुपारी पाणी 31 अंशांच्या वर जायचं. फ्रिजला भोकं पाडली, आत 15 मीटर प्लास्टिकची नळी गुंडाळली, दोन दिवस कॉम्प्रेसर एकदाही थांबला नाही आणि पाणी अर्धा अंशसुद्धा उतरलं नाही. फ्रिज आत ठेवलेलं गार सामान गार ठेवायला बनवलेला असतो, सतत येणारी उष्णता उपसायला नाही, शिवाय प्लास्टिकमधून उष्णता धड जात नाही आणि नळीभोवती नुसती हवा. आणि उष्णता काय फक्त उन्हाची नसते, 40 वॉटचा पंप दिवसरात्र चालला आणि उष्णता कुठे गेलीच नाही तर एकटा तो 200 लिटर पाणी दिवसाला 4 अंशांनी तापवेल!

त्याच आठवड्यात माझं लेदर कोरल मिटलं आणि मशरूम कोरल पांढरे पडायला लागले (दोन्ही मऊ अंगाचे प्रवाळ). कोरलच्या अंगात बारीक शैवाल राहतं, रंग बराचसा त्याचा आणि अन्नही बरंचसं त्याचंच, पाणी तापलं की ते शैवाल निघून जातं. 2016 ला लक्षद्वीपच्या प्रवाळांचं हेच झालं. तिथे आपण काही करू शकत नव्हतो, पण या काचेतले जीव मी घरी आणलेत, त्यांचं पाणी गार ठेवणं माझं काम आहे. (दगडी प्रवाळ मी ठेवत नाही, ते आपल्याकडे कायद्याने संरक्षित आहेत.)

मग जुना पाऊण टनाचा विंडो एसी घेतला. एसीवाल्याने आतला ब्लोअर काढला, कूलिंग कॉइल अगदी हळू वाकवून बाहेर घेतली, पाइप मुडपला तर गॅस गेलाच समजा. ती कॉइल आइसबॉक्समध्ये 40 लिटर साध्या पाण्यात बुडवली. टँकचं पाणी मात्र तिला कधीच लागू द्यायचं नाही, तांबं कोरल आणि कोळंबीला विष आहे, स्टीलही खाऱ्या पाण्यात टिकत नाही, म्हणून टँकचं पाणी त्याच बॉक्समधून टायटॅनियमच्या नळीतून फिरवलं. सगळ्यात जास्त पैसे त्या नळीला गेले, पण तिथे काटकसर करू नका.

कंट्रोलर दोन. एक बॉक्सचं पाणी 12 ते 16 अंशांत ठेवतो, दुसरा कंट्रोलर टँकचं पाणी 26 अंशांच्या वर गेलं की टायटॅनियमच्या नळीचा पंप चालू करतो, त्यामुळे कॉम्प्रेसर सारखा चालू-बंद होत नाही. कॉम्प्रेसर थेट कंट्रोलरवर जोडू नका, मध्ये कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेलणारा विजेवर चालणारा स्विच) हवाच, आणि खारं पाणी आणि वीज शेजारी शेजारी आहेत तेव्हा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच) लावल्याशिवाय हात घालू नका. एसीची मागची बाजू खिडकीबाहेर, नाहीतर तीच गरमी खोलीत आणि खोलीतून परत टँकमध्ये.

आता तुम्ही पुण्या-नाशिकला असाल तर आधी पाण्यावर नुसता पंखा लावून बघा. एक लिटर पाणी उडालं तर 200 लिटर टँकची जवळपास 3 अंशांची उष्णता घेऊन जातं, कोरड्या हवेत ते पटकन उडतं, आमच्याकडच्या दमटपणात उडत नाही. फक्त उडालेलं पाणी रोज आरओच्याच पाण्याने भरा, मीठ टँकमध्येच राहिलेलं असतं.