नॅशव्हिलचे अधिवेशन आणि बँक्स टर्नर यांचे मत

अमेरिकेत स्त्रियांना मताधिकार देणारी एकोणिसावी घटनादुरुस्ती 1920च्या ऑगस्टमध्ये टेनेसी राज्याच्या विधिमंडळात एका मताने पार पडली, आणि ते मत देणाऱ्या 24 वर्षांच्या हॅरी बर्न या सदस्याच्या खिशात, मताधिकाराच्या बाजूने मत दे असे सांगणारे त्याच्या आईचे पत्र होते, ही हकीकत आपल्याकडे महिला दिनाच्या भाषणांत आवडीने सांगितली जाते. यंदा ठाण्यात, नौपाड्यातील एका कार्यक्रमातही मी ती ऐकली. हकीकत खरी आहे. मात्र महापालिकेच्या सचिव विभागात महासभेची इतिवृत्ते लिहिण्यातच माझी सगळी नोकरी झाली असल्यामुळे, त्या अधिवेशनात प्रत्यक्ष कामकाज कसे चालले याकडेच माझे लक्ष जाते. त्या दृष्टीने पाहिले तर पत्राइतकेच महत्त्व सभागृहाच्या नियमांना आहे, आणि बर्न यांच्याइतकेच महत्त्व बँक्स टर्नर नावाच्या सदस्याला आहे, ज्याचा उल्लेख भाषणांत सहसा येत नाही.

अमेरिकी संसदेने ही दुरुस्ती जून 1919मध्ये राज्यांकडे पाठवली. त्या वेळच्या 48 राज्यांपैकी 36 राज्यांच्या विधिमंडळांची संमती आवश्यक होती. आपल्याकडे वस्तू व सेवा कराच्या घटनादुरुस्तीसाठी 2016मध्ये राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले होते, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की आपल्याकडे निम्म्या राज्यांची संमती पुरते, तर तिथे तीन चतुर्थांश राज्यांची लागते. मार्च 1920पर्यंत 35 राज्ये झाली आणि गाडी अडली. टेनेसीच्या राज्यघटनेत अशी अट होती की घटनादुरुस्ती आल्यानंतर निवडून आलेल्या विधिमंडळानेच तिच्यावर निर्णय घ्यावा. परंतु जूनमध्ये ओहायोच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना अशा अनुसमर्थनावर स्वतःच्या अटी घालता येणार नाहीत असा निर्णय दिला, अध्यक्ष विल्सन यांनी आग्रह धरला, आणि गव्हर्नर अल्बर्ट रॉबर्ट्स यांनी 9 ऑगस्टपासून विशेष अधिवेशन बोलावले.

टेनेसीची राजधानी असलेल्या नॅशव्हिलच्या हर्मिटेज हॉटेलात दोन्ही बाजूंनी तळ ठोकला. मताधिकाराच्या बाजूचे लोक पिवळा गुलाब लावत, विरोधक लाल. मताधिकार चळवळीच्या नेत्या कॅरी चॅपमन कॅट स्वतः तिथे मुक्काम करून होत्या, आणि विरोधकांचे नेतृत्व करणाऱ्या जोसेफिन पिअर्सन यासुद्धा स्त्रीच होत्या. टेनेसी विधिमंडळाच्या सिनेट या सभागृहात 13 तारखेला ठराव 25 विरुद्ध 4 असा सहज मंजूर झाला. खरा पेच दुसऱ्या सभागृहात, म्हणजे प्रतिनिधिगृहात होता, कारण आधी पाठिंबा दर्शवणारे त्याचे अध्यक्ष सेथ वॉकर उलटले होते.

18 ऑगस्टला वॉकर यांनी मूळ ठरावावर मतदान न मागता तो बाजूला ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. अशा प्रस्तावाचा फायदा असा की सदस्याला विषयाच्या विरोधात उघड मत न देताही विषय संपवता येतो. मते 48 विरुद्ध 48 अशी पडली. फेरमोजणी झाली, तरी तेच आकडे. आपल्या महापालिकेच्या कायद्यात समसमान मते पडली की पीठासीन अधिकाऱ्याला निर्णायक मत असते. तिथे तशी सोय नव्हती, अध्यक्ष सदस्य म्हणून आपले मत आधीच देऊन बसले होते, आणि समसमान मतांमुळे प्रस्ताव फेटाळला गेला. या मतदानात हॅरी बर्न वॉकर यांच्याच बाजूने होते, लाल गुलाबासह. ज्यांच्यावर विरोधकांची भिस्त होती ते टर्नर मात्र त्यांच्याबरोबर गेले नाहीत. वॉकर त्यांच्याजवळ जाऊन मन वळवत असतानाही टर्नर बधले नाहीत. ते फिरले असते, तर आईचे पत्र खिशातच राहिले असते.

त्यानंतर मूळ ठरावावर नावे पुकारली जाऊ लागली. पुन्हा समसमान मते पडली असती तर ठरावच पडणार होता, आणि वॉकर यांचा हिशेब तोच होता. बर्न यांचे नाव सुरुवातीलाच आले आणि त्यांनी ‘होय’ म्हटले. टर्नर यांनी आपल्या नावाच्या वेळी मत राखून ठेवले आणि शेवटी ‘होय’ म्हटले. 49 विरुद्ध 47! लगेच वॉकर यांनी आपले मत बदलून ‘होय’ केले, कारण फेरविचाराचा प्रस्ताव मांडण्याचा हक्क जिंकलेल्या बाजूच्या सदस्यालाच असतो. त्यामुळे नोंद 50 विरुद्ध 46 अशी झाली.

पुढचे दिवस मला सर्वांत उद्बोधक वाटतात. फेरविचारासाठी मते जमेनात, तेव्हा तीसहून अधिक विरोधी सदस्य गणपूर्ती (कामकाजासाठी लागणारी किमान उपस्थिती) मोडण्यासाठी रात्रीच राज्याबाहेर, अलाबामातील डिकेटर गावी निघून गेले. टेनेसीत गणपूर्तीसाठी दोन तृतीयांश सदस्य लागतात. तरीही 21 तारखेला उरलेल्या सदस्यांनी फेरविचाराचा प्रस्ताव घेऊन फेटाळला. मताधिकाराची बाजू न्याय्य होती यात मला तिळमात्र शंका नाही. पण असे इतिवृत्त लिहिण्याची वेळ माझ्यावर आली असती तर गणपूर्तीच्या रकान्यापाशी लेखणी थांबली असती, हेही तितकेच खरे. गव्हर्नरांनी 24 तारखेला सही केली आणि 26 ऑगस्टच्या सकाळी परराष्ट्रमंत्री बेनब्रिज कोल्बी यांनी वॉशिंग्टनमध्ये, आपल्या घरीच, कोणताही समारंभ न करता दुरुस्ती अमलात आल्याचे जाहीर केले.

दक्षिणेकडील बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हाती मात्र मतपत्रिका आलीच नाही. मतदानासाठी भरावा लागणारा कर, साक्षरतेच्या परीक्षा आणि दहशत यांनी त्यांना दूर ठेवले आणि 1965च्या मतदान हक्क कायद्यापर्यंत ते बरेचसे तसेच राहिले. आपल्या मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाने 1921मध्ये स्त्रियांना मताधिकार दिला, तोही मालमत्तेच्या अटींसह, त्यामुळे मोजक्याच जणींना. त्याच ठाण्यात आज महापालिकेच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सभागृहात नगरसेविका हरकत नोंदवताना पाहिल्या की या दोन्ही तारखा माझ्या मनात शेजारी येऊन बसतात.

टेनेसीच्या प्रतिनिधिगृहाने ऑगस्ट संपताना आपली संमती मागे घेण्याचाही प्रयत्न केला, पण प्रमाणपत्र आधीच निघालेले होते. सप्टेंबरमध्ये कनेक्टिकटनेही मान्यता दिली, आणि 1922मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याने अधिकृतपणे कळवलेली संमती न्यायालयांवर बंधनकारक आहे असे ठरवून, टेनेसीच्या त्या अधिवेशनातील कामकाजाच्या नियमांवर घेतलेले आक्षेप फेटाळून लावले.