ऑनलाइन बी.कॉम. कराच, पण सोबत कुणाच्या तरी ऑफिसात बसा

ऑनलाइन बी.कॉम. चालते का, नोकरीला धरतात का, असं अजूनही विचारलं जातं. चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यता असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे. त्यापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे. तीन वर्षं घरी बसून शिकताना खरे हिशेब हाताखालून कधी जाणार?

माझं मत सरळ आहे. पदवी ऑनलाइन घ्या आणि पहिल्या वर्षापासून रोज तीन-चार तास एखाद्या करसल्लागाराच्या ऑफिसात, मार्केट यार्डातल्या अडत दुकानात किंवा पतसंस्थेत बसा. सुरुवातीला पगार नावालाच असेल, तरी बसा. कॉलेजला जाण्यायेण्याचा जो वेळ वाचतो तो यासाठीच. नुसते व्हिडिओ बघून पदवी मिळेल, पण बिलांचा गठ्ठा समोर आला की हात चालणार नाही.

आधी प्रवेशाचं बघू, कारण फसवणूक तिथेच होते. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव शोधा आणि नावावर थांबू नका. मान्यता प्रत्येक अभ्यासक्रमाला आणि प्रत्येक सत्राला वेगळी असते. एखाद्या विद्यापीठाला एम.बी.ए.ची मान्यता आहे म्हणून बी.कॉम.ची असेलच असं नाही. तुम्ही जुलैच्या सत्राला बसणार की जानेवारीच्या, त्या सत्राच्या यादीत तोच अभ्यासक्रम दिसला पाहिजे. ‘आमच्याकडे फी भरा, परीक्षेचं आम्ही बघतो’ असं सांगणाऱ्या दुकानवजा सेंटरकडे फिरकू नका. विद्यापीठांना असे अभ्यासक्रम फ्रँचायझी देऊन चालवायला परवानगीच नाही. एका वर्षात बी.कॉम. देतो म्हणणाऱ्याबद्दल वेगळं काही सांगायला नको.

प्रवेशासाठी आता डीईबी आयडी, म्हणजे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, लागतो आणि तो काढायला आधी एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटचं (अभ्यासातून मिळणाऱ्या श्रेयांकांचं) खातं, उघडावं लागतं. ते डिजिलॉकरमधून आधारवर उघडतं. अडतं ते नावावर. बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव अर्धवट, लग्न झालेल्या मुलींचं तर आडनावच बदललेलं. प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात ही दुरुस्ती होत नाही. बारावीचा निकाल लागण्याआधीच आधारवरचं नाव मार्कलिस्टशी जुळवून घ्या.

ऑनलाइन आणि दूरशिक्षण यात फरक आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र घेतलं तर पुस्तकं घरी वाचायची आणि परीक्षा केंद्रावर जाऊन लिहायची, मराठीतूनही लिहिता येते. ऑनलाइनमध्ये व्याख्यानं, स्वाध्याय, चर्चा सगळं पडद्यावर आणि बहुतेक ठिकाणी माध्यम इंग्रजी. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने केवळ चकचकीत ॲप बघून ऑनलाइन घेऊ नये. इंग्रजीत लिहायची तयारी नसेल तर मुक्त विद्यापीठ कमी प्रतीचं मुळीच नाही.

अभ्यासाला किती वेळ द्यायचा याचं गणित सोपं आहे. एका क्रेडिटला 30 तास धरलेले असतात. चार क्रेडिटचा विषय म्हणजे 120 तास. सत्राचे वीस आठवडे धरले तर एका विषयाला आठवड्याला 6 तास, पाच विषयांना 30. एवढं रोज होत नाही आणि मग सत्राच्या शेवटी सगळं अंगावर येतं. स्वाध्यायांकडे दुर्लक्ष करणं हे नापास होण्याचं नेहमीचं कारण. अंतर्गत गुण 30 टक्क्यांपर्यंत असतात आणि मुदत संपली की पोर्टल बंद.

आता ऑफिसात बसल्याने काय मिळतं, ते एका नोंदीवरून सांगतो. समजा कारखान्याला एका शेतकऱ्याचा 40 टन ऊस गेला, तोडणी-वाहतूक वजा जाता दर 3,000 रुपये. बिल झालं 1,20,000 चं. त्यातून विकास सोसायटीच्या पीककर्जाचे 70,000 आणि कारखान्याने उधारीवर दिलेल्या खताचे 6,000 कापले. शेतकऱ्याच्या बँक खात्यावर गेले 44,000. नवशिका काय करतो? बँकेतून 44,000 गेले म्हणून ऊस खरेदी 44,000 लिहून मोकळा होतो. तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी) जुळते, म्हणून चूक दिसतही नाही. खरी नोंद अशी: ऊस खरेदी नावे (डेबिट) 1,20,000. जमेला (क्रेडिट) सोसायटी कर्ज वसुली देणे 70,000, शेतकऱ्याची खत उधारी 6,000 आणि शेतकरी देणे 44,000. पैसे सुटले की शेतकरी देणे नावे, बँक जमा. पहिल्या पद्धतीत खरेदी 76,000 ने कमी दिसते, खताची उधारी वसूल होऊनही शेतकऱ्याच्या नावावर तशीच राहते आणि सोसायटीला द्यायची रक्कम वहीत कुठेच नसते. सोसायटीचा सचिव महिनाअखेरीला यादी घेऊन जुळवायला आला की गोंधळ सुरू. शिवाय ऊस पुरवल्यापासून 14 दिवसांत एफआरपी (सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर) द्यायची असते, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. त्यामुळे ‘शेतकरी देणे’ खात्यात तारीखवार शिल्लक दिसणं ही कायद्याची गरज आहे. पाठ्यपुस्तकातल्या कपातींच्या धड्यात हे एवढं उलगडत नाही. एका हंगामात कारखान्याच्या शेती विभागाशेजारी बसलं की डोक्यात पक्कं बसतं.

जीएसटीचंही तेच. 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी चढवलेल्या बिलांची यादी, तयार होतं, 20 पर्यंत 3बी हे महिन्याचं विवरणपत्र भरायचं, मधले पाच-सहा दिवस जुळवणीचे. खरेदीच्या वहीत बिल आहे आणि 2बी मध्ये नाही, तर त्या बिलाचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) त्या महिन्यात घेता येत नाही. न दिसण्याची कारणं ठरलेली असतात. बिल नंबर एकीकडे ‘045’ आणि दुसरीकडे ‘45’ टाकलेला. पुरवठादाराने दुसऱ्याच फर्मचा जीएसटी नंबर टाकलेला. आणि सगळ्यात जास्त वेळा, सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतला छोटा वर्कशॉपवाला तिमाही विवरणपत्र भरणारा. त्याने 13 तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांत बिलं चढवायची सोय) बिल चढवलं नाही, तर ते त्या महिन्यात दिसत नाही, कधी कधी तर तिमाही संपल्यावरच दिसतं. अशा वेळी मालकाला ‘क्रेडिट बुडालं’ सांगायचं नाही. बिल बाजूच्या यादीत ठेवायचं, पुरवठादाराला फोन करायचा आणि पुढच्या महिन्यात ती यादी आधी उघडायची. ही यादी नीट ठेवणारा मुलगा ऑफिसात लवकर हवाहवासा होतो.

अभ्यास साहित्य कोणत्या वर्षाचं आहे तेही तपासा. आयकर कायदा 2025 हा 1 एप्रिल 2026 पासून लागू आहे. कलमांचे नंबर बदलले, पगारावरच्या टीडीएसचं 192 आता 392 झालं आणि ‘मागील वर्ष’, ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडीऐवजी एकच ‘कर वर्ष’ आलं. जीएसटीचे दरही 22 सप्टेंबर 2025 पासून बदलले, बहुतेक वस्तू 5 किंवा 18 टक्क्यांत आल्या. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ जुने असतील तर तत्त्व त्यातून शिका, आकडे सरकारी संकेतस्थळावरून घ्या.

परीक्षा घरून असेल तर वेबकॅम चालू, खोलीत दुसरं कुणी नाही, अशी अट असते. सराव चाचणी त्याच खोलीत, त्याच वेळेला द्या. राउटरला छोटा यूपीएस लावा, मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून ठेवा. ताळेबंद पडद्यावर टाइप करायला कागदापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, ती सवय वेगळी करावी लागते.

पुढे काय? सांगली-साताऱ्यात राहायचं असेल तर माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत जवळची वाट सहकाराची आहे. कारखाने, पतसंस्था, दूध संघ, सूतगिरण्या, विकास सोसायट्या, या सगळ्यांचं वर्ष 31 मार्चला संपतं आणि पुढच्या चार महिन्यांत लेखापरीक्षण व्हावं लागतं. सहकार आयुक्तांमार्फत होणारी जी.डी.सी. अँड ए. ही सहकार आणि हिशेबाची शासकीय पदविका परीक्षा पदवीधराला देता येते. हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण, सहकारी कायदे असे विषय, आणि मराठीतून लिहिता येते. ही परीक्षा आणि लेखापरीक्षणाचा ठरावीक अनुभव असेल तर प्रमाणित लेखापरीक्षकांच्या नामतालिकेसाठी (पॅनेलसाठी) अर्ज करता येतो. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षापासून तयारीला लागा.

सी.ए. करायचं मनात असेल तर 55 टक्के हा आकडा लक्षात ठेवा. वाणिज्य पदवीला तेवढे गुण असतील तर फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला नोंदणी होते. 54 टक्क्यांवर तो दरवाजा बंद, मग फाउंडेशनपासून सुरुवात. त्यामुळे ‘पास झालो की बस’ हे सी.ए. करणाऱ्याला परवडत नाही. नव्या योजनेत आर्टिकलशिप (सी.ए.च्या हाताखालचं प्रशिक्षण) दोन वर्षांची आहे आणि ती करताना बी.कॉम. चालू ठेवायचं असेल तर सी.ए.च्या संस्थेकडे फॉर्म 112 भरून परवानगी घ्यावी लागते. सी.एम.ए.लाही पदवीधराला थेट इंटरमीजिएटला प्रवेश आहे, आणि कारखानदारीत खर्च लेखापालाला मान आहे.

सरकारी बाजूला एमपीएससीची कर सहायक ही जागा हिशेबवाल्या मुलांना जवळची. तिथे पदवीबरोबर टंकलेखनही लागतं: मराठी 30 आणि इंग्रजी 40 शब्द प्रति मिनिट. पूर्वपरीक्षेची जाहिरात निघाल्यावर टायपिंग क्लास लावणारे मागे पडतात, प्रमाणपत्र पहिल्याच वर्षी काढून ठेवा.

पुण्याच्या मोठ्या कंपन्यांत बिलं तपासणं, देणी भागवणं, महिनाअखेरची खाती बंद करणं अशा कामांना बी.कॉम. घेतात. तिथे टॅलीपेक्षा एक्सेल जास्त विचारतात: पिव्होट, एक्सलुकअप, दोन याद्या जुळवणं. मुलाखतीत लॅपटॉप समोर ठेवून दोनशे ओळींचं बँक स्टेटमेंट जुळवायला दिलं तर गोंधळू नका. आधी रकमेवर जुळवा, मग तारखेवर, उरलेल्या ओळी हाताने. वटायचे राहिलेले चेक आणि बँकेने परस्पर कापलेले चार्जेस या दोन रकान्यांत बहुतेक फरक सापडतो.