बोटीवरचा शेजारधर्म

पहिल्याच दुपारी आमच्या केबिनचं दार असं काही आपटलं, की नवीन मंडळी आल्याचं अख्ख्या कॉरिडॉरला कळलं. चूक माझीच. बाल्कनीचं दार सताड उघडं ठेवून मी केबिनचं दार उघडायला गेले आणि आरपार घुसलेल्या वाऱ्याने ते हातातून हिसकावून घेतलं. टेबलावरचे कागद उडून थेट बाहेर. समोरच्या केबिनमधल्या आजोबांनी ते गोळा करून दिले आणि भाषा जुळत नसल्यामुळे हातवारे करून समजावलं: एक उघडं, तर दुसरं बंद. त्या जड दारात सापडलेल्या बोटाचं काय होईल, तेही त्यांनी चेहरा करून दाखवलं.

सात रात्री क्रूझच्या बोटीवर काढल्या. शिष्टाचार म्हणून जे काही शिकले ते बहुतेक शेजारधर्मातच मोडतं. भिंती पातळ असतात. रात्री उशिराचा कार्यक्रम संपवून रंगात आलेली माणसं कॉरिडॉरमध्ये गप्पा मारत उभी राहिली, की आतल्याला शब्द न् शब्द ऐकू येतो. एका रात्री आम्ही एका अनोळखी जोडप्याचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. चूक नवऱ्याची होती, असं ताईचं मत पडलं.

ताईची स्वतःची फजिती त्याआधी, चढतानाच झाली होती. तिची छोटी इस्त्री सामानाच्या तपासणीत काढून घेतली गेली आणि हातात पावती आली. बोटीवर सगळ्यात मोठी धास्ती आगीची असते, म्हणून इस्त्री, मेणबत्ती, बऱ्याच ठिकाणी एक्स्टेन्शन बोर्डसुद्धा चालत नाही. बाल्कनीतून पेटती सिगारेट खाली भिरकावू नये तीही याच कारणाने; वाऱ्याने ती खालच्याच कुणाच्या बाल्कनीत जाऊन पडते. मोठ्या बॅगा केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते, म्हणून औषधं, कागदपत्रं आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. लोहचुंबकाचे हूक आठवणीने घ्या. केबिनच्या भिंती बहुधा धातूच्या असतात, ओले कपडे टांगायला ते फार कामी येतात.

मस्टर ड्रिलचा, म्हणजे संकटात कुठे जमायचं याच्या सरावाचा, मात्र कंटाळा करू नका. मी करणार होते. आता बऱ्याच बोटींवर फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि बोटीवरच्या आपल्या ओळखपत्रावर, म्हणजे क्रूझ कार्डावर, लिहिलेल्या मस्टर स्टेशनवर (जमायच्या जागी) जाऊन हजेरी लावायची, एवढंच असतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा झाला, की त्याच जागी जमायचं. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' ही क्रूझ बोट इटलीतल्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल तोवर झालेली नव्हती, कारण चढल्यापासून २४ तासांत ती घेतली तरी तेव्हा नियमात बसत होतं. नंतर नियम बदलला. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल व्हावीच लागते. हे ताईने मला रांगेत उभं असताना ऐकवलं, त्यामुळे पळ काढता आला नाही.

आमची केबिन वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला. देखावा अप्रतिम, पण तिसऱ्या रात्री समुद्र खवळला आणि आमचा झोपाळा झाला. बोटीच्या पोटाला दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवीकडे डुलणं कमी करतात, पण नाक वर-खाली व्हायला लागलं की त्यांचं फारसं चालत नाही. सी-सॉच्या मधोमध बसलेल्याला जसं कमी हलतं, तशीच बोटीच्या मध्यावरची खालची केबिन. पोट नाजूक असेल तर तीच निवडा आणि डॉक्टरांना विचारून गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्या.

मळमळ आणि पोटाचा संसर्ग यांत गल्लत मात्र करू नका. उलट्या-जुलाब सुरू झाले तर गुपचूप बुफेकडे न जाता बोटीवरच्या दवाखान्याला कळवायचं आणि केबिनमध्येच थांबायचं. नोरोव्हायरस हा पोट बिघडवणारा विषाणू अशा बंदिस्त जागी झपाट्याने पसरतो आणि सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. बुफेच्या दारातलं बेसिन टाळून सरळ डावाला हात घालणारे लोक पाहिले, की माझी भूकच जायची.

पोहण्याच्या तलावाकाठच्या खुर्च्यांवर पहाटेच टॉवेल टाकून गायब होणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, नाहीतर लेख तिथेच संपेल.

बंदरावर उतरलं की खरी परीक्षा घड्याळाची. बोट तिच्या स्वतःच्या वेळेवर चालते. बंदराचं स्थानिक घड्याळ वेगळं असू शकतं आणि फोन तिथलं नेटवर्क पकडून गुपचूप बदलतो. आम्हाला परतायचं होतं साडेचारपर्यंत. एका बाकावर निवांत पाय पसरून बसलो होतो आणि माझ्या फोनवर तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ताईने मनगटावरचं जुनं घड्याळ बघितलं, मग माझा फोन बघितला, मग काही न बोलता चपला पायात सरकवल्या. चार दहा झाले होते! धक्का वीस मिनिटांवर. आम्ही अक्षरशः पळालो. वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभी असलेली गर्दी टाळ्या वाजवत होती, त्यात समोरचे आजोबाही. बोटीनेच आखलेल्या सहलीने गेलात तर उशीर झाला तरी साधारणपणे थांबतात; स्वतःहून भटकायला गेलात तर बोट थांबेल ही आशा नको. बंदरातून वाट दाखवणारा पायलट, बोट ओढणारी टग, पुढच्या बंदरातली जागा हे सगळं आधीच ठरलेलं असतं. आणि बोट किनारा सोडते तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो बोटीवरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि बिल बघून घेरी येते.

केबिन आवरणाऱ्या स्टुअर्डला पहिल्या दिवशी नाव विचारा आणि त्याच नावाने हाक मारा. अशी माणसं महिनोन् महिने घरापासून लांब असतात. बऱ्याच बोटींवर टिप रोजच्या रोज आपोआप खात्यात लागते. आधी ते बघा, मग वर काय द्यायचं ते ठरवा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा ठरलेल्या वेळेआधी दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळी त्या थेट धक्क्यावर मिळतात. मी मोठ्या शिस्तीत सगळं भरलं, बॅग बाहेर ठेवली, झोपले. सकाळी अंघोळ करून बघते तर केबिनमध्ये बुटाचा एकही जोड नाही. उरल्या होत्या त्या केबिनमधल्या पांढऱ्या कापडी सपाता. त्याच घालून मी गँगवेवरून, म्हणजे बोटीतून धक्क्यावर उतरायच्या पुलावरून, उतरले. ताई सबंध वेळ माझ्यापासून दहा पावलं पुढे चालत होती.