फारच स्वच्छ आलेख

जुन्या मराठी नियतकालिकांत संपादकीय लेखांखाली सही नसे. 'केसरी' १८८१ साली निघाला, १८८७ पर्यंत आगरकर संपादक होते, पण टिळकही त्यात लिहीत. त्यामुळे कोणता लेख कोणाचा, यावर अभ्यासकांना पुढे बरीच डोकेफोड करावी लागली. आमच्याकडे होतं ते याहून लहान, आता विस्मृतीत गेलेलं नियतकालिक. निनावी लेखांचे संभाव्य लेखक दोनच, आणि दोघांचं सहीनिशी लेखन तुलनेला हाताशी. निनावी लेख कोणाचे हे मोजून सांगायचं काम माझ्याकडे होतं.

या कामाचा आदर्श म्हणजे मोस्टेलर आणि वॉलेस या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ साली छापलेला अभ्यास. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने 'फेडरलिस्ट' या नावाने निघालेल्या ८५ लेखांपैकी १२ हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोन अमेरिकी नेत्यांपैकी कोणाचे, हा जुना वाद होता. त्यांनी विषयाचे भारदस्त शब्द बाजूला ठेवले आणि लिहिताना कोणी लक्ष देत नाही असे बारीक शब्द मोजले. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांमागे सुमारे ३ वेळा वापरतो, मॅडिसन क्वचितच. वादातले सगळे लेख मॅडिसनकडे झुकले. मला आजही हा अभ्यास वाचताना आनंद होतो. माणूस विषय निवडतो, मतं बदलतो, पण 'पण' म्हणायचं की 'परंतु' हे त्याचा हातच ठरवतो.

त्या दिवशी सकाळी मी सगळ्या फाइलींवर मोजणी चालवली. पद्धत जॉन बरोज यांची, २००२ सालची 'डेल्टा': सर्वाधिक येणारे शब्द घ्यायचे आणि प्रत्येक लेख त्यांच्या सरासरी वापरापासून किती ढळतो ते पाहायचं. पडद्यावर ठिपक्यांचे दोन घोस उमटले, मध्ये रुंद मोकळी जागा. आमचे प्रमुख सर खूश झाले. "झालं की काम! आता पुस्तकाच्या प्रस्तावनेत घालू."

मला मात्र ते पटेना. एकच माणूस आज दुष्काळावर लिहितो, उद्या नगरपालिकेच्या निवडणुकीवर, त्याची भाषा थोडी तरी हलतेच. एकही लेख मधल्या जागेत नसावा? म्हणून हा फरक कोणत्या शब्दांमुळे पडला त्यांची यादी काढली. 'दुसऱ्या' हा शब्द त्यात दोनदा होता. अक्षरं तीच, डोळ्यांना तसूभर फरक नाही. पण एक 'दुसऱ्या' डावीकडच्या घोसात भरपूर आणि उजवीकडे शून्य, दुसऱ्याचं नेमकं उलट. लेखकाच्या सवयीत इतका निखळ शून्य मी कधी पाहिलेला नाही.

शेजारच्या टेबलावर मुद्रितं तपासणाऱ्या काकू बसल्या होत्या. तरुणपणी त्यांनी छापखान्यात खिळे जुळवले आहेत. त्यांना म्हटलं, "काकू, जरा ही यादी बघता का?" त्यांनी चष्मा सावरला, शब्द सोडून फाइलींची नावंच वाचली आणि म्हणाल्या, "अहो, ह्या सगळ्या मी केलेल्या. आणि ह्या बाहेरून टाइप करून आल्या. त्यांना नंतरची आवृत्ती दिली होती, मी मूळ अंकांवरून केलंय. म्हणून बघा, माझ्याकडे 'नाहीं', 'कांहीं', त्यांच्याकडे 'नाही', 'काही'."

यंत्राने लेखक वेगळे केलेच नव्हते, टंकलेखन वेगळं केलं होतं. संगणकात अक्षरं साठवायच्या युनिकोड या पद्धतीत ऱ्य दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा ऱ या स्वतंत्र अक्षरावरून, एकदा साध्या र ला हलन्त आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. वाचणाऱ्याला एकच शब्द, मोजणाऱ्याला दोन. त्यात १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तेव्हा जुना अंक आणि नवी आवृत्ती यांत असा फरक शेकडो शब्दांत पडतो.

दुपारभर आम्ही दुरुस्ती केली. ऱ्य एकाच रूपात आणला. अनुस्वारांबाबत मी हट्ट धरला की ते काढलेली प्रत मोजणीपुरतीच राहील, मूळ प्रत तशीच. 'त्यानें' मधला अनुस्वार तृतीयेची खूण आहे, 'घरें' मधला नपुंसकलिंगी अनेकवचनाची. तो पुसला की व्याकरणाचा पुरावाच जातो.

खरी अडचण वेगळीच. इंग्रजीत बारीक शब्द सुटे उभे असतात. मराठीत ते शब्दाला चिकटतात: तोच, त्यालाही, घरातलं, घरासाठी. रिकाम्या जागांवर तोडून शब्द मोजले तर 'च' आणि 'ही' यांचा हिशोबच लागत नाही. म्हणून शब्दांच्या जोडीला तीन-तीन, चार-चार अक्षरांचे तुकडेही मोजले.

संध्याकाळी नवा आलेख आला. घोस एकमेकांत शिरलेले, कडा विरलेल्या. तरी कल दिसत होता: एकाला 'परंतु' आणि 'च' यांची ओढ, दुसरा 'पण' आणि 'तर' वर चालणारा. बरेचसे निनावी लेख पहिल्याकडे गेले. काही छोटे लेख मध्येच राहिले, इतक्या थोड्या मजकुरातून सवय दिसायला हवी तेवढी दिसत नाही. सरांनी विचारलं, "मग हे कोणाचे?" म्हटलं, "यावरून सांगता येत नाही, सर." ते काही वेळ आलेखाकडे बघत राहिले आणि मग परिशिष्टाचं पान उघडलं. ते लेख तिथे, नावाशिवाय जाणार असं ठरलं. यापुढे प्रत्येक फाइलीच्या माथ्यावर कोणत्या छापील प्रतीवरून आणि कोणी टाइप केलं हे लिहायचं, हा काकूंचा आग्रहही त्यांनी लगेच मान्य केला.