सिमान-टोव्हचा रिपोर्ट
इंटेलिजन्स अ‍ॅनालिसिसच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यात आधी १९७३ ची केस, म्हणजे इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर अचानक हल्ला केला ते योम किप्पुर युद्ध, शिकवावी असं मला मनापासून वाटतं, कारण इस्रायलकडे माहिती भरपूर होती, पण लांब पल्ल्याची विमानं मिळाल्याशिवाय इजिप्त लढाईला उतरणारच नाही हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की सुएझ कालव्यापाशी जमलेलं इजिप्तचं सैन्यपण सरावालाच आलंय असं वाटलं. इस्रायली लष्कराच्या सदर्न कमांडमधल्या (दक्षिण विभागातल्या) बिन्यामिन सिमान-टोव्ह या तरुण लेफ्टनंटने १ आणि ३ ऑक्टोबरला लिहून दिलेलं, की सरावाच्या आडून युद्धाची तयारी चालू असू शकते. वरच्या साहेबाने ते पुढे पाठवलंच नाही! ज्युनियरचं म्हणणं वर पोचणार नसेल तर रिपोर्ट लिहायला शिकवून उपयोग काय? ६ ऑक्टोबरला हल्ला झाला. नंतर इस्रायलच्या मिलिटरी इंटेलिजन्समध्ये मुद्दाम उलट बाजू मांडणारं वेगळं युनिट उभं केलं, हे बाकी उत्तम केलं.