घातलं, दिलं की नाव चिकटवलं? रेसिंग ड्रायव्हरांच्या घड्याळांचे दावे कसे तपासायचे

‘हे घड्याळ अमक्या रेसिंग ड्रायव्हरचं’ असं कुणी म्हणालं की आधी क्रियापद पकडावं. त्याने ते घातलं होतं? त्याला कुणी भेट दिलं होतं? घालण्याचे कंपनीने पैसे मोजले होते? की जमवणाऱ्यांनी मागाहून त्याचं नाव मॉडेलला चिकटवलं? घड्याळ शहागंजातल्या दुकानात बघत असा की मोबाइलवर, फसगत होते ती या चार गोष्टींची सरमिसळ झाल्यामुळे.

पैसे मोजल्याचं स्वच्छ उदाहरण म्हणजे जो सिफर्ट. १९६९ मध्ये ह्यूअर या घड्याळ कंपनीच्या जॅक ह्यूअर यांनी या स्विस ड्रायव्हरशी करार केला आणि ह्यूअरचा बिल्ला त्याच्या सूटवर आला. आता तारखा जुळवा. सिफर्टने फॉर्म्युला वनमध्ये दोनच ग्रां प्री जिंकल्या: २० जुलै १९६८ ला ब्रँड्स हॅचवर लोटसमधून, आणि १५ ऑगस्ट १९७१ ला ऑस्ट्रियात बीआरएममधून. पहिला विजय कराराच्या आधीचा आहे. तो ह्यूअरच्या खात्यात घालणारा लेख दिसला तर त्यातलं बाकी सगळंही पुन्हा तपासा. २४ ऑक्टोबर १९७१ ला ब्रँड्स हॅचवरच अपघातात तो गेला, म्हणून १९७२ च्या हंगामातला ‘सिफर्टचा फोटो’ तिथेच बाद.

चिकटवलेल्या नावाचा नमुना म्हणजे रोलेक्स एक्सप्लोरर २, मॉडेल १६५५. जमवणारे त्याला ‘स्टीव्ह मॅक्वीन’ म्हणतात, पण मॅक्वीनच्या मनगटावर दिसतं ते रोलेक्सचंच दुसरं मॉडेल, सबमरिनर. तो नुसता नट नव्हता, १९७० च्या सेब्रिंग १२ तासांच्या शर्यतीत पीटर रेव्हसनसोबत तो दुसरा आला होता. म्हणून अशी नावं खरी वाटतात आणि भाव चढतो.

फोटो हाच पुरावा असेल तर घड्याळाकडे शेवटी या. गाडीचा नंबर, हेल्मेट आणि सूटवरचे बिल्ले यांवरून आधी शर्यत आणि वर्ष ठरवा. मग निगेटिव्ह उलटी छापलेली नाही ना, ते बघा. ह्यूअरच्या मोनॅको या मॉडेलमध्ये आत कॅलिबर ११ हे मशीन असेल तर चावी डावीकडे आणि दोन्ही बटणं उजवीकडे असतात. फोटोत नेमकं उलटं दिसलं तर सूटवरची अक्षरं वाचा. तीही उलटी असतील तर ‘तो उजव्या हातात घालायचा’ ही गोष्ट छपाईतून जन्मलेली.

घड्याळ हातात आलं की पट्टा काढल्याशिवाय पैसे देऊ नका. त्या काळच्या ह्यूअर क्रोनोग्राफांवर (स्टॉपवॉच असलेल्या घड्याळांवर) पट्टा अडकवायच्या कानांमध्ये १२ च्या बाजूला मॉडेल नंबर आणि ६ च्या बाजूला सिरीयल नंबर कोरलेला असतो. बफ मारून केस चकचकीत केली की हे अंक उथळ होतात, कधी पुसलेच जातात. मागचं झाकण उघडायला लावा. मोनॅकोच्या ११३३ या मॉडेल नंबरच्या केसमध्ये कॅलिबर ११ किंवा १२ हवं, दोन्ही ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारी. हाताने चावी द्यायचं मशीन निघालं तर ती जोडाजोड आहे. भिंगातून डायल बघा. पुन्हा रंगवलेल्यावर अक्षरांच्या कडा फुगलेल्या असतात आणि खुणा छोट्या डायलच्या काठावर चढतात. डायल रंगवलेलं असलं की माझ्या मते ड्रायव्हरच्या नावाचा भाव द्यायचाच नाही.

‘जगातला पहिला ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ’ इथेही क्रियापदच अडतं. झेनिथने १० जानेवारी १९६९ ला जाहीर केला, ह्यूअर-ब्राइटलिंगच्या गटाने ३ मार्चला दाखवला, सायकोने मे महिन्यात जपानात विकायला काढला.

मालकीची साखळी मात्र सगळ्यांत वजनदार. आपल्याकडे जमिनीचा वाद निघाला की आजोबांची आठवण बाजूला राहते आणि खासरा पाहणी पत्रक, फेरफार काढले जातात, तसंच हे. नट आणि रेसिंग ड्रायव्हर पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना बघा: बायको जोन वुडवर्डने दिलेलं, मागे इंग्रजीत ‘ड्राइव्ह केअरफुली मी’ (‘गाडी जपून चालव’ आणि खाली सहीसारखं ‘मी’) कोरलेलं. १९८४ मध्ये न्यूमनने ते मुलीच्या मित्राला, जेम्स कॉक्सला दिलं, आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते सुमारे १.७८ कोटी डॉलरला गेलं. प्रत्येक कडीला माणूस आणि कारण आहे. तुमच्यासमोरच्या घड्याळाची अशी साखळी कागदावर लिहायला लागा. मधली एकही कडी कोरी राहिली तर किंमत साध्या मॉडेलचीच लावा.